सिहोऱ्याहून आलेला लॅपटॉप

बाई,

मागच्या महिन्यात माझ्या दुकानात सिहोऱ्याहून एक लॅपटॉप आला आणि त्याच्यापायी बरंच काही घडलं. ते तुम्हाला सांगावं असं तेव्हापासून वाटत होतं. आज जबलपूरच्या रिछाईतले कारखाने बंद आहेत, दुपारपासून एकही गिऱ्हाईक फिरकलं नाही, म्हणून बसले लिहायला. माझं दुकान रिछाईच्या रस्त्यावर आहे हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, ते तुम्ही गेल्यानंतरचं. आसपासच्या लहान कारखान्यांच्या ऑफिसांतली मशीनं माझ्याकडे येतात. 'दीदी, बहुत धीमा चल रहा है, फॉर्मेट मार दो,' असं म्हणून लोक ती काउंटरवर ठेवतात, न्हाव्यापुढे डोकं ठेवावं इतक्या सहज. मी फॉर्मॅट मारते आणि चांगलं मारते. या रस्त्यावर हे काम माझ्याइतकं नीट कोणी करत नाही. हे सांगताना मी लाजत नाही, कारण लाजायची सवय तुम्हीच मोडलीत.

तुमचा कॉम्प्युटरचा क्लास स्वयंपाकघरात भरायचा. नव्या आलेल्या मुलींना त्याचं हसू यायचं. पण अख्ख्या घरात भरवशाची लाइन तेवढ्या एका भिंतीला होती, फ्रिजचा स्टॅबिलायझर तिथेच होता, आणि तुमच्या मते फ्रिज आणि कॉम्प्युटर दोघांनाही सारखंच जपावं लागे. ओट्याच्या एका टोकाला गॅस आणि दुसऱ्या टोकाला उघड्या पोटाचं मशीन. तेलाची वाफ मशीनच्या पंख्यावर बसते म्हणून क्लास चालू असताना फोडणी बंद. तुमच्या सासूबाई दारात उभ्या राहून आत बघायच्या. 'आजही बिनफोडणीचंच वरण का गं?' त्या विचारायच्या, आणि तुम्ही स्क्रीनवरून नजर न काढता म्हणायचात, 'पोरी गेल्या की देते फोडणी, आई. तोवर भजन म्हणा.' तुमचे मिस्टर, आमचे काका, रेल्वेत गार्ड, अर्धा महिना बाहेर. घरी असले की आमच्या चपला दारात नीट लावून ठेवायचे आणि अंगणात पेपर वाचत बसायचे. सगळ्या मुली तुम्हाला दीदी म्हणायच्या. मी एकटी बाई म्हणायचे, कारण आपण दोघी मराठीत बोलायचो आणि मराठीत दीदी म्हणणं मला जमेना.

तुम्ही मला पहिल्यांदा झापलं तो दिवस मला लख्ख आठवतो. एका वकिलाचं मशीन आलं आहे, ते पुसून नव्याने उभं करायचं आहे, आणि तुम्ही मला स्टुलावर बसवलं आहे. तेव्हा आतासारखं नव्हतं. आता मशीन आपलं औषध आपल्याच पोटात घेऊन येतं, दोन बटणं दाबली की कारखान्यातून निघालं तसं कोरं होतं. तेव्हा सीडी लागायची, ती नाही चालली तर दुसरी, आणि आवाजाची सीडी हरवली असली तर ते मशीन महिनाभर मुकं राहायचं. मी प्रत्येक पायरीला मान वळवून विचारत होते, 'बाई, एंटर दाबू? बाई, आता होय म्हणू?' तुम्ही कणिक मळत होता. हात तसेच कणकेचे घेऊन तुम्ही माझ्यापुढे येऊन उभ्या राहिलात.

'तू मला काहून विचारून राहिली? स्क्रीनवर काय लिहिलं आहे ते वाच. समजलं का ते बघ. समजलं असेल तर मला सांग की दाबते. विचारू नको, सांग.'

'पण चुकलं तर?'

'चुकलं तर मी बसलीच आहे ना. पण विचारणाऱ्या पोरी मला चिक्कार मिळतात. सांगणारी पाहिजे.'

मला रडू आलं होतं. तुम्ही ते पाहिलं आणि परत कणकेकडे गेलात. मी डोळे पुसले, स्क्रीन वाचली आणि भिंतीला सांगावं तशी म्हणाले, 'दाबते.' तुम्ही पाठमोऱ्याच 'हं' म्हणालात. त्यानंतर कोणत्याही मशीनसमोर माझा हात अडला नाही.

माझ्या लग्नात सगळ्यांनी साड्या आणि भांडी दिली. तुम्ही मसाल्याचा डबा दिलात, स्टीलचा, आत सात वाट्या. सासरी सगळ्यांना वाटलं, हळद-तिखटाला दिला आहे. सासूबाईंनी तो फडताळात मोहरीशेजारी ठेवूनही टाकला. तुमच्या ओट्यावर तसाच एक डबा असायचा आणि त्याच्या वाट्यांत मशीनचे स्क्रू जातवार ठेवलेले असायचे, हे त्यांना कुठून माहीत! मी दुसऱ्या दिवशी डबा मागून घेतला. नवऱ्याने कारण विचारलं तेव्हा सांगितलं, 'हा माझ्या कामाचा आहे, स्वयंपाकाचा नाही.' त्याला तिथेच कळलं असावं की मी घरी बसणारी नाही. आजही तो डबा काउंटरखाली आहे. एका वाटीचा काठ चेपला आहे, बाकी ठीक.

आता त्या लॅपटॉपचं. एका सकाळी पंचविशीची एक मुलगी आली. कापडी पिशवीत लॅपटॉप, खांद्यावर पर्स, आणि बसच्या प्रवासाने केस उडालेले. म्हणाली, 'दीदी, इसको पूरा फॉर्मेट कर दो. कुछ नहीं बचाना.' मी फोनवर माझ्या बहिणीशी मराठीत बोलत होते ते तिने ऐकलं आणि जरा सैल झाली. 'मेरी मम्मी मराठी हैं. मला समजते सगळं, बोलता ठीक से नहीं आता.' मग आमचं तसंच चाललं, मी मराठीत, ती हिंदीत, मधे मधे एखादा मराठी शब्द लहान मूल पाऊल टाकतं तसा जपून. सिहोऱ्याहून सकाळच्या बसने आले म्हणाली. मी विचारलं, तिकडे सिहोऱ्यात दुकान नाही का? ती म्हणाली, आहे, पण तो दुकानदार माझ्या नवऱ्याचा दोस्त आहे.

तुम्ही असतात तर या वाक्याला हातातलं काम खाली ठेवलं असतं. मीही ठेवलं. तिला आत बसवलं, पाणी दिलं.

ती तिथल्या एका खाजगी शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी लॅपटॉपवरून मुलांच्या शिकवण्या घ्यायची. लग्नाआधी पहिल्या पगारातून घेतलेला लॅपटॉप. लग्नानंतर नवऱ्याने 'मैं सेट कर देता हूँ' म्हणून दोन दिवस ठेवून घेतला आणि मग परत दिला. तेव्हापासून त्याला सगळं माहीत असायचं. मैत्रिणीला काय लिहिलं, आईशी काय बोलली, कोणती साडी नुसती बघून सोडून दिली. तिला वाटायचं, माणूस लक्ष ठेवून आहे, प्रेम असेल. मग तिने जबलपूरच्या एका शाळेत नोकरीसाठी अर्ज केला. कोणाला सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. संध्याकाळी जेवताना नवरा भाजी वाढून घेत म्हणाला, 'जबलपुर रोज़ आना-जाना करोगी, कि वहीं रहने का इरादा है?'

'आवाज बिल्कुल नॉर्मल था, दीदी,' ती म्हणाली. 'बस तभी मैं समझ गई.'

मग जे झालं ते तिने थोडक्यात सांगितलं आणि मी खोदून विचारलं नाही. तिच्या मनगटावर जुनी खूण होती, ती बाहीने झाकत होती. आता ती आईकडे राहणार होती, इथे जबलपुरातच. तिला एवढंच हवं होतं, की त्या मशीनमधून तो माणूस निघून जावा.

मी लॅपटॉप सुरू केला. मशीनचा मालक म्हणून नोंद त्याची होती, तिची नोंद लहान मुलाला द्यावी तशी, अर्धे दरवाजे बंद. आत एक प्रोग्रॅम बसला होता. मशीन चालू झालं की तो आपोआप जागा व्हायचा, थोड्या थोड्या वेळाने स्क्रीनचा फोटो काढायचा आणि पाठवायचा. कुठे पाठवायचा तेही त्यात लिहिलेलं होतं, त्याचाच ईमेल. मी लगेच इंटरनेट तोडलं. ती माझ्या खांद्यावरून बघत होती. 'बस, मिटा दो,' ती म्हणाली. 'अभी के अभी.'

आणि इथे मला त्या गृहस्थांची आठवण झाली, बाई. आठवतात ना? सफारी सूट, हातात चादरीत गुंडाळलेलं मशीन. मुलीचं लग्न ठरलं होतं आणि त्यांना तिचं मशीन लग्नाआधी साफ करून हवं होतं. 'नए घर में पुरानी चीज़ें नहीं जानी चाहिए,' असं काहीतरी म्हणाले. आम्ही मुली ओट्याभोवती उभ्या. तुम्ही चहा गाळत होता.

'मुलगी कुठे आहे?' तुम्ही त्यांना हिंदीत विचारलं.

'घर पर है.'

'तर तिला घेऊन या. मशीन तिचं आहे. ती म्हणेल ते पुसू.'

'मैं बाप हूँ उसका.'

'बाप हैं, मालिक नहीं हैं,' तुम्ही म्हणालात आणि चहाचा कप त्यांच्यापुढे केलात. त्यांनी घेतला नाही. मशीन उचलून निघून गेले, आणि आम्हाला वाटलं संपलं. पण दुसऱ्या दिवशी ती मुलगी स्वतः आली, रिक्षात मशीन घालून. तिने केलेली कपड्यांची डिझाइनं होती त्यात, दोन वर्षांची. तुम्ही ती सगळी तिला काढून दिली आणि मग तिलाच स्टुलावर बसवलं. ती गेल्यावर तुम्ही आम्हाला म्हणालात, 'पुसणं सोपं आहे. म्हणून आधी विचारायचं, यात काय आहे आणि ते कोणाला लागणार आहे.' आम्ही मान डोलावली. मला त्या वेळी त्यातलं अर्धंच कळलं होतं. मला वाटलं होतं, हे फक्त जपून ठेवायच्या चांगल्या गोष्टींबद्दल आहे.

मी त्या मुलीला म्हणाले, 'आज पुसणार नाही.'

तिचा चेहराच पडला. मी तिला समजावलं. हा प्रोग्रॅम त्याने बसवला, त्याच्या नावाने बसवला, त्याच्या पत्त्यावर फोटो जातात. हे सगळं इथे लिहिलेलं आहे. मी आत्ता बटण दाबलं तर तुझं मशीन स्वच्छ होईल आणि त्याचंही अंग स्वच्छ होईल. उद्या तू कुठेही सांगायला गेलीस तर तो म्हणेल, हिच्या डोक्यात खूळ शिरलं आहे. 'आधी पूर्ण डिस्कची नक्कल काढते. ती वकिलाला दाखव. मग पुसू.' तिला तो माणूस एक दिवसही त्यात नको होता, आणि तिला ते सहन करायला सांगणं मलाही सोपं नव्हतं. शेवटी म्हणाली, 'ठीक है. आप रखो. मेरे पास रहा तो मैं तोड़ दूँगी.' लॅपटॉप घेतल्याचं बिल होतं तिच्या पर्समध्ये, ते मला देऊन गेली. जाताना मी तिला बजावलं, घरी गेल्यावर आईच्या फोनवरून सगळे पासवर्ड बदल. स्वतःच्या फोनवरून करू नको म्हणाले, तोही मला बघू दे.

दुसऱ्या दिवशी तो आला. तिने माझ्या दुकानाचा पत्ता घाईत त्याच लॅपटॉपवर शोधला होता, म्हणजे त्याचाही फोटो त्याला गेला होता. इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. 'नमस्ते दीदी. वाइफ का लैपटॉप आया होगा आपके पास. वो थोड़ी परेशान चल रही है, डॉक्टर को भी दिखाना है. मैं ले जाता हूँ.'

मी म्हणाले, ज्याने दिलं त्यालाच परत मिळतं, दुकानाचा नियम आहे.

'मैंने ही खरीद के दिया है.'

'तर बिल दाखवा.'

तो हसला. बिल घरी आहे म्हणाला. मी म्हणाले, घेऊन या, बसते मी. तेव्हा त्याचा आवाज जरा बदलला. काउंटरवर दोन्ही हात टेकून तो पुढे वाकला. 'अच्छा, चलो, रखो आप. लेकिन फॉर्मेट मत करना. उसमें मेरे काम की चीज़ें हैं.'

'सांगा ना कोणत्या,' मी म्हणाले. 'नावं सांगा, तुमच्यासमोर वेगळ्या काढून ठेवते.'

बाई, तेव्हा त्याचं तोंड तुम्ही पाहायला हवं होतं. काय सांगणार, बायकोच्या स्क्रीनचे फोटो? मागे शेजारचा हार्डवेअरवाला भैया येऊन उभा राहिला होता, नुसताच, हातात चहाचा ग्लास घेऊन. तो माणूस बाहेर गेला, मोटारसायकलवर बसून कोणाशी तरी फोनवर बोलला, दुकानाच्या पाटीचा फोटो काढला आणि गेला. मी भैयाला म्हणाले, 'काही नाही, गिऱ्हाईक होतं.' भैया म्हणाला, 'हाँ, दिख रहा था,' आणि संध्याकाळपर्यंत आपली खुर्ची माझ्या दाराकडे तोंड करून टाकून बसला.

पुढचं भराभर झालं. सिव्हिल लाइन्समध्ये एक वकील बाई आहेत, मी त्यांचं मशीन बघते. मी, ती मुलगी आणि तिची आई, आम्ही तिघी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आमच्यासमोर सगळं उघडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, त्याचा व्हिडिओ करून घेतला, नक्कल आपल्या ताब्यात घेतली, तक्रार लिहिली आणि मुलीकडून सही घेतली. सही करताना तिची आई रडत होती, ती नाही. वकील बाई मला म्हणाल्या, 'तुम्ही आधीच पुसलं असतं तर माझ्या हाती काही नव्हतं.' मी म्हणाले, 'माहीत आहे.' आणि मग त्यांनी सांगितलं, आता मशीन साफ करायला माझी हरकत नाही.

आम्ही दुकानात परत आलो. मी तिला माझ्या खुर्चीवर बसवलं आणि रीसेटच्या पानापर्यंत नेलं. मशीन विचारतं, तुमच्या फाइली ठेवू, की सगळं काढून टाकू? मी तिला सांगायला तोंड उघडलं, की नीट वाच, घाई करू नको, आणि मला विचारूही नको. तोवर तिने दाबलेलं होतं. सगळं काढून टाक. तिच्या शिकवणीच्या फाइली मी आधीच तपासून वेगळ्या ठेवल्या होत्या. तिला त्यांची आठवणही राहिली नव्हती.

स्क्रीन काळी झाली. परत उजळली, परत काळी झाली. टक्क्यांचा आकडा मध्येच कुठेतरी थांबला आणि हलेना. 'अटक गया क्या?' तिने माझा हात धरला. 'अडकलं नाही,' मी म्हणाले. 'आत काम करून राहिलं आहे. आपल्याला दिसत नाही एवढंच.' आम्ही चहा घेतला. तिच्या आईने घरून आणलेल्या पुरणपोळ्या खाल्ल्या, त्या थोड्या फाटल्या होत्या. जबलपुरात जन्म गेला पण पुरण पातळ होतं ते होतंच, असं तिची आई म्हणाली आणि आम्ही हसलो. त्या दिवसातलं पहिलं हसणं.

मग मशीन जागं झालं, कोणाचंच नसल्यासारखं. भाषा विचारली, देश विचारला, कळफलक विचारला. मग विचारलं, हे कोण वापरणार आहे? रिकामी चौकट. मी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. तिने हात मांडीवर ठेवले, परत वर आणले. तिने आपलं नाव टाकलं. फक्त नाव, पुढे आडनाव नाही, माहेरचंही नाही. थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली, स्पेलिंग बरोबर आहे का बघावं तशी. मग पुढे गेली.

तिला जबलपुरातली ती नोकरी मिळाली. शाळेने मुलाखतीत विचारलं, सिहोरा का सोडलं, तर म्हणाली, बदल हवा होता. प्रकरण चालू आहे, ते लवकर संपणार नाही, वकील बाईंनी आधीच सांगितलं आहे. तो माणूस माझ्या दुकानाकडे परत आला नाही. आला तरी मी इथेच आहे. ती अधूनमधून येते, कधी चार्जर घ्यायला, कधी नुसतीच, आणि मराठीत बोलायचा हट्ट करते. 'मी आज जेवली नाही,' म्हणते, 'तुमच्याकडे काही आहे?' असतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, मला ठाऊक आहे. तुमचं घर विकलं गेलं, काकाही गेले. घडी घालून इथेच ठेवीन. पण एक राहिलं, आणि खरं तर त्याच्यासाठीच बसले होते.

त्या दिवशी मशीन उभं राहिल्यावर ती मुलगी पिशवी आवरत होती. जाता जाता तिने विचारलं, 'दीदी, आपने ये सब किससे सीखा?' तुमचं नाव तोंडापर्यंत आलं. पण ते घेतलं असतं तर माझा आवाज तिथेच फुटला असता, आणि त्या दिवशी तिला समोर एक न रडणारी बाई हवी होती. म्हणून मी स्क्रू आवरत, अगदी ठामपणे म्हणाले, 'कोणाकडून नाही. आपोआप येत गेलं.'